दुधाचा हिशेब आणि सॉफ्टवेअरची उभारणी

द्वितीय वर्ष कला (अर्थशास्त्र)

गेल्या उन्हाळी सुट्टीत मला आमच्या भागातील एका दूध संघाच्या कचेरीत दोन महिने रोजंदारीवर काम मिळाले. संघाचे सारे हिशेब नव्या सॉफ्टवेअरवर न्यावयाचे होते, आणि जुन्या खतावण्यांतील उत्पादकांची नावे संगणकात भरण्यासाठी मराठी टंकलेखन येणारी माणसे हवी होती. मला टंकलेखन येत होते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मीच पहिली. त्यामुळे पंख्याखाली खुर्चीत बसून करावयाचे काम मिळाले याचेच आईला मोठे अप्रूप. मला मात्र तेथे जे पाहावयास मिळाले त्याने अर्थशास्त्राच्या तासाला ऐकलेल्या ‘व्यवस्थापन’ या शब्दाचा अर्थ प्रथमच थोडासा उमगला. तोच येथे मांडत आहे. मी विज्ञान शाखेची नाही. तेव्हा तांत्रिक बाबतीत काही उणे राहिले तर जाणकार प्राध्यापकांनी सांभाळून घ्यावे.

हा विषय आपल्यापासून दूरचा आहे असे कला शाखेच्या वाचकाने समजू नये. २९ जून २०२२ रोजी केंद्र सरकारने देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे आपण ज्यांना गावची ‘सोसायटी’ म्हणतो त्यांच्या, संगणकीकरणाची योजना मंजूर केली. तिच्यासाठी २,५१६ कोटी रुपयांची तरतूद ठरली. ज्या वहीत आपल्या वडिलांच्या पीककर्जाची नोंद होते ती वही सॉफ्टवेअरमध्ये जाणार असेल, तर ते सॉफ्टवेअर कसे घडते हे आपणही समजून घेतले पाहिजे.

एखादा व्यवसाय नवी प्रणाली घेतो तेव्हा प्रथम गरजा लिहून काढतात, मग आराखडा होतो, मग विकासाचा टप्पा, त्यानंतर चाचणी आणि शेवटी प्रत्यक्ष वापर. १९७० साली विन्स्टन रॉइस या अमेरिकन अभियंत्याने एका निबंधात अशा पायऱ्यांची आकृती काढून दाखविली. पुढे जगभर ती आकृती आदर्श म्हणून मिरविली गेली. परंतु त्याच निबंधात रॉइसने ही सरळ उतरंड जोखमीची आहे, शेवटी चाचणीत मोठा दोष निघाला की पुन्हा वरच्या पायरीपर्यंत चढत जावे लागते, असेही बजावले होते. आकृती सर्वांनी पाहिली, मजकूर थोड्यांनीच वाचला असावा. (आपल्याकडे गाईडे वाचणाऱ्यांचेही असेच होते!)

‘विकास’ म्हणजे प्रोग्रॅमर मंडळींनी खोलीत बसून कोड लिहावयाचा, अशीच माझी समजूत होती. प्रत्यक्षात या टप्प्यात निदान चार प्रकारची कामे एकाच वेळी चालतात. तयार सॉफ्टवेअर आपल्या गरजेप्रमाणे जुळवून घेणे हे एक. त्यात जे नाहीच ते नवे लिहिणे हे दुसरे. जुनी माहिती नव्या जागी हलविणे हे तिसरे, आणि बाहेरच्या यंत्रांशी व संस्थांशी त्याची सांगड घालणे हे चौथे. आमच्याकडे दूध तपासणीचे यंत्र, वजनकाटा आणि बँकेला पाठवावयाची यादी, एवढ्यांशी ही सांगड घालावयाची होती. सॉफ्टवेअर कंपनीकडून तिघे प्रोग्रॅमर आणि त्यांच्यावर एक मॅडम आल्या होत्या. मी त्यांना पुष्कळ प्रश्न विचारी. पुढे त्याच मला रिकाम्या वेळी जवळ बसवून दाखवू लागल्या.

त्यांच्या टेबलावर सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे तफावतींची यादी. संघाची पद्धत आणि सॉफ्टवेअरची पद्धत जेथे जुळत नाही अशा ५२ जागा तिच्यात होत्या. मॅडमनी तीन रंगांच्या खुणा केल्या होत्या. हिरवी खूण म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे, फक्त जुळवणी करावयाची. निळी म्हणजे संघानेच आपली पद्धत बदलावी. लाल म्हणजे नवे लिहावे लागेल. त्यांची सारी धडपड लाल खुणा कमी करण्याची. उदाहरणार्थ, संकलनाचा गोषवारा तीन प्रतींत काढून तिसरी प्रत कपाटात ठेवण्याचा प्रघात होता. ती कोण पाहतो असे विचारल्यावर कोणासच सांगता येईना; तेथे निळी खूण झाली. दरपत्रकाचे तसे नव्हते. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एस.एन.एफ. धरून ठरतो व त्याखाली पॉइंटामागे कपात होते. एस.एन.एफ. काढण्याच्या सूत्रातील स्थिर अंक ठिकठिकाणी वेगळा वापरतात, आणि फॅटचा दुसरा दशांश सोडावयाचा की वर न्यावयाचा यावर उत्पादकाचे पैसे बदलतात. तेथे आपली पद्धत सोडून चालणार नव्हते. अशा छाननीनंतर लाल खुणा १७ उरल्या.

या कामात हयगय झाली तर काय होते याचे मॅडमनी सांगितलेले उदाहरण जर्मनीतील लिडल या मोठ्या दुकान-साखळीचे. या कंपनीने २०११ मध्ये सॅप कंपनीचे सॉफ्टवेअर घेऊन आपला मालाचा व्यवहार नव्याने बसविण्यास आरंभ केला. सॉफ्टवेअरच्या मूळ रचनेत साठ्याची किंमत विक्रीच्या भावाने धरली जाई. लिडलची पद्धत खरेदीच्या भावाने धरण्याची. कंपनीने आपली पद्धत न बदलता सॉफ्टवेअर बदलण्याचा आग्रह धरला. एक बदल केला की त्याच्याशी बांधलेले दुसरे चार हलत. सात वर्षे आणि सुमारे ५० कोटी युरो खर्च झाल्यावर २०१८ मध्ये तो प्रकल्पच सोडून द्यावा लागला. एवढ्या श्रीमंत कंपनीची ही कथा, तर आमच्या संघाची काय गत!

यादीवर संचालकांच्या सह्या झाल्या की ती गोठवावयाची असते. पण सह्या झाल्या म्हणून माणसांच्या मनातील इच्छा गोठत नाहीत. एक संचालक येऊन म्हणत, उत्पादकाच्या मोबाईलवर रोज संदेश गेला पाहिजे. दुसऱ्यांना गावनिहाय रंगीत आलेख हवा असे. प्रोग्रॅमर मुले भिडस्त; ‘करतो, सर’ म्हणून बसत, आणि ठरलेले काम मागे पडे. दुसऱ्या आठवड्यात मॅडमनी एक जाड वही आणून तिला ‘बदलवही’ असे नाव दिले. मागणी कोणाची, कशासाठी, किती दिवसांचे काम आणि ती घेतल्यास ठरलेल्यापैकी काय मागे जाईल, एवढे त्या वहीत मागणाऱ्यानेच लिहून सही करावयाची. शेवटचा रकाना भरताना पुष्कळ मागण्या आपोआप गळून पडल्या. मोबाईलचा संदेश मात्र टिकला, आणि तो टिकणे योग्यच होते.

प्रगती मोजणे हेही अवघड काम आहे. विहीर किती हात खोदली हे दोर सोडून पाहता येते. सॉफ्टवेअरला असा दोर नाही. प्रोग्रॅमरला विचारावे तर ‘नव्वद टक्के झाले’ असे उत्तर मिळते, आणि पुढच्या आठवड्यातही तेच! त्यामुळे मॅडम टक्के ऐकूनच घेत नसत. त्यांनी कामाचे आठ-दहा दिवसांत होतील असे तुकडे पाडले होते. तुकडा पूर्ण कधी म्हणावयाचा, तर प्रोग्रॅम लिहून झाला, दुसऱ्या प्रोग्रॅमरने तो वाचला, संघाच्या खऱ्या आकड्यांवर चालवून पाहिला आणि ज्याला तो वापरावयाचा त्या कारकुनाने पडद्यावर पाहून मान्य केला, तेव्हाच. यांपैकी एक जरी राहिले तरी तुकड्यापुढे शून्य. दर शुक्रवारी दुपारी कचेरीतील सर्वांपुढे झालेले तुकडे चालवून दाखवीत. पहिल्या शुक्रवारी एकच तुकडा पूर्ण निघाला आणि संचालकांचे चेहरे पडले. मला वाटले, मॅडमनी आकडा थोडा फुगवून सांगितला असता तर काय बिघडले असते? त्या म्हणाल्या, “आज पडलेला चेहरा परवडतो. पहिल्या बिलाच्या दिवशीचा परवडणार नाही.”

काम मागे पडते आहे हे दिसताच एका संचालकांनी आपल्याकडचा नेहमीचा उपाय सुचविला : आणखी चार मुले पाठवा. ऊसतोडीला हा उपाय चालतो, सॉफ्टवेअरला चालत नाही. फ्रेडरिक ब्रूक्स हे आय.बी.एम. कंपनीत सिस्टिम/३६० या संगणकाच्या मोठ्या सॉफ्टवेअर प्रकल्पाचे प्रमुख होते. त्या अनुभवावर त्यांनी १९७५ मध्ये एक पुस्तक लिहिले. रेंगाळलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसे वाढविली तर तो आणखी रेंगाळतो, हा त्यातील सिद्धान्त आज ‘ब्रूक्सचा नियम’ म्हणून ओळखला जातो. कारण साधे आहे. नव्या माणसाला काम समजावून देण्यात जुन्याचाच वेळ जातो, आणि माणसामाणसांतील बोलण्याच्या वाटा झपाट्याने वाढतात. चार माणसांत अशा ६ जोड्या होतात. आणखी चार आली की आठ माणसांत २८. मॅडमनी हे गणित फळ्यावर मांडून दाखविले व माणसे वाढविण्याऐवजी लाल यादीतील तीन कामे पुढच्या टप्प्यात ढकलून घेतली. गावनिहाय रंगीत आलेख त्यांतच गेला.

आता माझ्या स्वतःच्या कामाविषयी. मला वाटे, नावे भरणे हे सर्वांत हलके काम. पण एकाच गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे तीन उत्पादक. वहीत कोणी ‘थोरला’, कोणी ‘मळ्यातला’ म्हणून ओळखला जाणारा, आणि बँकेच्या पासबुकावर भलतेच नाव! काही खाती वारलेल्या आजोबांच्या नावावर, दूध घालतो नातू. बँक खात्याच्या क्रमांकांत आणखी एक खोडी निघाली. हे क्रमांक तक्त्यात भरले की संगणक त्यांना संख्या समजतो आणि आरंभीचे शून्य गाळून टाकतो. मी भरलेल्या एका संबंध गावाच्या खात्यांची शून्ये अशी नाहीशी झाली होती. ती चूक चाचणीत निघाली. नाही तर त्या गावचे पैसे बँकेतून परत आले असते. जुनी माहिती हलविण्याचे काम शेवटच्या आठवड्यावर न टाकता विकास सुरू झाला त्याच दिवशी सुरू करावे, हे मी तेथे शिकले. रक्कम जुळली का एवढे पाहून भागत नाही. माणूस जुळला पाहिजे.

दुधाचा हिशेब दहा दिवसांनी होतो. त्याला गावात ‘दुधाचा पगार’ म्हणतात. दुधाच्या रकमेतून पशुखाद्याची उधारी व उचलीचा हप्ता वजा करून उरलेले पैसे उत्पादकाला मिळतात. हा वजावटीचा तुकडा तयार झाल्यावर त्याची चाचणी माझ्याकडे आली. मला एक तक्ता दिला होता. त्यात डाव्या बाजूला उदाहरण आणि उजव्या बाजूला ‘अपेक्षित उत्तर’ होते. ही उत्तरे गरजांच्या सही झालेल्या कागदावरून काढलेली होती. मी उदाहरणे भरली, पडद्यावरचे उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहिले आणि चाळीसच्या चाळीस ठिकाणी ‘बरोबर’ अशी खूण केली. शुक्रवारी तो तुकडा पूर्ण म्हणून जाहीरही झाला.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी जुन्या वह्यांतील तीन पगार जसेच्या तसे नव्या प्रणालीत चालवावयास सांगितले. आमच्या गावाची यादी निघाली तेव्हा मी साहजिकच आधी आमचे नाव पाहिले. दुधाचे ३,८४० रुपये. खाद्याची उधारी २,७००, उचलीचा हप्ता १,२००. हाती देणे शून्य, पुढे येणे ६०. हिशेबात चूक नव्हती. पण त्याच पगाराला दादांनी घरी पैसे आणले होते हे मला चांगले आठवत होते. त्यांतूनच माझ्या परीक्षेची फी भरली होती. जुनी वही काढली. तिच्यात वजावट २,४००, हाती दिले १,४४०, आणि १,५०० पुढे ओढलेले. आता वही चुकीची की संगणक?

वही तात्यांनी लिहिलेली. तात्या हे संघाचे जुने हिशेबनीस. त्यांना विचारले तेव्हा ते चष्मा पुसत म्हणाले, “पोरी, संबंध पगार कापायचा नसतो. चुलीला काहीतरी ठेवायचं. बाकी पुढच्या पगारात ओढायची, माणूस कुठं पळून जातो?” किती ठेवावयाचे याचा नियम नव्हता. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाची गाय आटली आहे हे पाहून ते आकडा ठरवीत. हे कोठे लिहिले आहे असे मॅडमनी विचारले, तर कोठेच नाही. गरजांच्या कागदावर स्वच्छ लिहिले होते : ‘सर्व येणे रक्कम बिलातून वजा करावी.’ त्यावर सही संघाची. तात्यांनाही त्या बैठकीला बोलाविले होते. पण तेथे इंग्रजी मिश्रित भाषेत चर्चा चालली होती आणि ते गप्प बसून राहिले.

माझ्या चाळीस उदाहरणांत अशी शून्याची तीन होती. तिन्ही ठिकाणी मी ‘बरोबर’ लिहिले होते, कारण अपेक्षित उत्तरही शून्यच होते. शून्य पगार घेऊन घरी जाणे म्हणजे काय हे त्या खोलीत मला सर्वांत अधिक ठाऊक होते. तरी मी कागदाशी कागद ताडला आणि पुढे गेले. मॅडम मला रागे भरल्या नाहीत. म्हणाल्या, चूक अपेक्षित उत्तरे काढण्याच्या रीतीत आहे. ती कागदावरून काढली तर कागदातील चूक कधीच सापडत नाही, काही उदाहरणे चालू वह्यांतूनच घ्यावयास हवी होती. हे खरे असले तरी माझे समाधान झाले नाही.

हा प्रश्न बदलवहीत लिहिला गेला आणि तेव्हा खरा वाद उपटला. काही संचालकांचे म्हणणे पडले की सॉफ्टवेअर करते तेच योग्य आहे; उधारी वेळेवर वसूल होईल, आणि तात्यांच्या मर्जीने हिशेब चालणे हीच मुळात अव्यवस्था आहे. या म्हणण्यात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. तात्यांनी कोणाला अधिक ठेवले, कोणाला कमी, याची दाद कोणाकडे मागावयाची? परंतु एक गोष्ट मला दिसली. हा संघाच्या धोरणाचा प्रश्न होता आणि तो कोणी ठरविण्याआधीच प्रोग्रॅमच्या एका ओळीने ठरून गेला होता. ती ओळ लिहिणारा मुलगा माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठा. त्याने कधी दुधाचा पगार पाहिलेला नव्हता, आणि त्याचा काही दोषही नव्हता. अशा ओळी हुडकून, ज्यांना ठरविण्याचा अधिकार आहे त्यांच्यापुढे वेळेवर नेणे हे विकासाच्या टप्प्यातील व्यवस्थापकाचे मोठे काम होय, असे मला वाटते. हा दोष आहे की नवी मागणी, त्याचे पैसे कोणी द्यावयाचे, यावर कंपनी आणि संघ यांच्यात दोन दिवस घासाघीस झाली. शेवटी खर्च निम्मा-निम्मा वाटून घेतला.

कागदावर बरोबर असलेल्या प्रणालीने माणसांचे काय होऊ शकते याचे भयंकर उदाहरण ब्रिटनमधील पोस्ट खात्याचे आहे. १९९९ पासून तेथील पोस्ट कार्यालयांत ‘होरायझन’ नावाची हिशेबाची प्रणाली बसविण्यात आली. तिच्यातील दोषांमुळे नसलेली तूट दिसू लागली, आणि संगणक चुकणार नाही असे गृहीत धरून पोस्ट चालविणाऱ्या माणसांवरच खटले भरले गेले. ९०० हून अधिक जणांना दोषी ठरविण्यात आले. कित्येक तुरुंगात गेले. अखेर २०२४ मध्ये कायदा करून शेकडो शिक्षा रद्द कराव्या लागल्या. हे वाचल्यापासून मला दोषवहीचे महत्त्व पटले आहे. सापडलेला प्रत्येक दोष, तो लहान असो वा लाजिरवाणा, तारखेसह वहीत आला पाहिजे, आणि वापरणाऱ्यांना ती वही पाहता आली पाहिजे.

तारखेचा प्रश्न उरला होता. नवी प्रणाली १ जूनला सुरू करण्याचे अध्यक्षांनी सभेत जाहीर केले होते. अमेरिकेतील हर्शी या चॉकलेटच्या कंपनीने चार वर्षांचे काम अडीच वर्षांत दाबून बसविले, आणि ऐन सणाच्या मागणीच्या तोंडावर, जुलै १९९९ मध्ये, नवी प्रणाली पूर्णपणे चालू केली. गोदामात माल असून दुकानांत पोहोचेना. त्या तिमाहीत कंपनीचा नफा १९ टक्क्यांनी घटला. ही गोष्ट मॅडमनी अध्यक्षांना मराठीत नीट समजावून सांगितली. एक पगार, म्हणजे दहा दिवस, तारीख पुढे गेली. तेवढ्यात वजावटीचा तुकडा पुन्हा लिहून, तिन्ही जुने पगार पुन्हा चालवून पाहता आले.

संचालक मंडळाने ठरविले की दुधाच्या रकमेच्या निदान एक तृतीयांश रक्कम उत्पादकाच्या हाती गेलीच पाहिजे. नव्या नियमाने आमचा तोच जुना पगार १,२८० रुपये निघाला. तात्यांच्या वहीपेक्षा १६० कमी. आजारपण किंवा अशाच कारणाने अधिक ठेवावयाचे असल्यास अधिकाऱ्याने कारण लिहून ते ठेवावे, अशी सोयही केली आहे. तो कारणाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही. मी तपासून पाहिले आहे. तात्यांना मात्र तो मराठीत भरता येत नाही, कारण त्या एका चौकटीत अजून देवनागरी उमटत नाही. दोषवहीत ही नोंद माझ्या हातची आहे, आणि मी काम सोडले त्या दिवशी तिच्यापुढे ‘शिल्लक’ असे लिहिलेले होते.